तिसऱ्या फेरीतली बाटली

प्रिय धांदल,

हे नाव मी तुला ठेवलं तेव्हा तू माझी सून नव्हतीस. प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर आलेली नवी मुलगी होतीस, आणि रेणूंचं वजन करणाऱ्या माझ्या यंत्राच्या खोलीत पहिलं पाऊल टाकताच दारामागची कोट अडकवायची घोडी तू आडवी केली होतीस. आता सगळी इमारत तुला याच नावाने ओळखते, त्यामुळे बदलण्यात अर्थ नाही. पत्र बघून तू आधी दचकशील, म्हणून सांगते: घरात कुणी आजारी नाही. तुझे सासरे ठणठणीत आहेत, तुझा नवरा दर शनिवारी तुझ्याकडे येतो तेव्हा तुला दिसतोच, आणि मला काय धाड भरली आहे? बातमी आहे आणि चांगली आहे, पण ती मी क्रमाने सांगणार. तू पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांपैकी आहेस. या वेळी तसं करू नकोस.

सोमवारी तू साहेबांना कळवणार आहेस की प्रयोगशाळेत परत येतेस, की माहेरी राहून तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतेस. तुझा नवरा म्हणतो, दोन्हीकडे त्याची तयारी आहे. त्याची नेहमीच सगळ्याला तयारी असते, लहानपणापासून. शाळा चांगली आहे असं ऐकते. मुलांना तू आवडशील, कारण तुझ्या तासाला काहीतरी नक्की फुटेल. मी तुझं मन वळवायला बसलेली नाही. परंतु तू जाताना मला म्हणालीस, ‘आई, माझ्या हाताला हे काम येत नाही, हे आता सिद्ध झालंय.’ तेव्हा माझ्याकडे उलट पुरावा नव्हता आणि पुराव्याशिवाय धीर द्यायची मला सवय नाही. आज पुरावा आहे.

तुला आठवतं का, तू मला तुझ्या मण्यांचं काम पहिल्यांदा समजावून सांगितलंस तेव्हा मी तुला जवळजवळ खोलीबाहेर काढलं होतं? माझ्या घरात मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ आणि साखरेच्या बरणीवर ‘साखर’ लिहिलेलं असतं. तुझे सासरे म्हणतात, एक दिवस ही माझ्याही कपाळावर चिठ्ठी डकवणार. आणि तू हसत हसत सांगत होतीस की रव्याहून बारीक असे लाखो मणी घ्यायचे, त्यांचे वाटे करून वेगवेगळ्या भांड्यांत टाकायचे, प्रत्येक भांड्यात एकेक अमिनो आम्ल जोडायचं, मग सगळे मणी पुन्हा एकत्र ओतून ढवळायचे, पुन्हा वाटे, पुन्हा जोडणी, अशा सहा फेऱ्या. शेवटी एका मण्यावर एकाच तऱ्हेची साखळी, एकच पेप्टाइड, आणि कुठल्या मण्यावर कुठलं ते देवालाही ठाऊक नाही. मी विचारलं, ‘नावं कुठे लिहितेस?’ तू म्हणालीस, ‘कुठेच नाही, मॅडम.’ मी म्हटलं, ‘अगं, मग हरवलं तर?’ तर म्हणे, ‘हरवलेलंच असतं, मॅडम. जो मणी विषाला चिकटेल तेवढ्यालाच नाव विचारायचं. बाकीच्यांच्या नावांचं काय लोणचं घालायचंय?’

मी खूप रागावले होते, पण त्या रात्री घरी जाऊन तेच तुझ्या सासऱ्यांना सांगत बसले. धान्याला लागणाऱ्या बुरशीचं ते विष, त्याला घट्ट चिकटणारं काहीतरी साहेबांना हवं होतं, म्हणजे गोदामातलं पोतं चांगलं की वाईट हे एखाद्या कागदी पट्टीवर कुणालाही बघता येईल. आणि ही मुलगी म्हणत होती, मी लाखो साखळ्या एका बाटलीत भरून आणते, त्यातली कुठली चिकटते ते विषालाच ठरवू दे. चमकणारा रंग लावलेलं विष मण्यांवर ओतायचं, धुवायचं, पुन्हा धुवायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जो मणी अजून चमकतोय तो चिमट्याने उचलून माझ्याकडे आणायचा. आधी सगळं हरवू द्यायचं आणि मग हवं तेवढंच शोधायचं, ही हिंमत माझ्यात कधीच आली नसती. असं मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते आहे.

मग तुझा तो मणी आला. हजारो विझलेल्यांमध्ये एकटा झगझगीत. तू तो काचेच्या नळीत घेऊन जिना धावत उतरलीस आणि मी ओरडले की पळू नकोस. मी त्याच्यावरच्या साखळ्या सोडवून यंत्रात वजन केलं, दर दुव्यागणिक पायरीपायरीने वाढणाऱ्या वजनांवरून पाच दुव्यांची साखळी वाचून दिली, मधला दुवा अ‍ॅस्परॅजिन. सहाव्या फेरीत एका वाट्याला काहीच जोडायचं नाही असं तुम्ही ठरवलेलं होतं, म्हणजे पाच दुव्यांचे मणी असणारच होते, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. त्या साखळीचं पेप्टाइड तू भरपूर करून विषासमोर ठेवलंस, आणि ते विषाकडे ढुंकूनही बघेना. दुसऱ्यांदा केलंस, तिसऱ्यांदा केलंस. शेवटी बैठकीत साहेब म्हणाले की मणीच मुळात आपोआप चमकत असणार, असे काही मणी असतात. आणि मग, माझ्याकडे न बघता, असंही म्हणाले की यंत्रही आता जुनं झालंय, कधी कधी चुकीचं वाचत असेल. तू दुसऱ्या दिवशी टेबल आवरलंस. मी मात्र त्या दुसऱ्या वाक्यावरच अडकून राहिले.

माझं यंत्र चुकीचं वाचतं! या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून बोलायची हिंमत झाली. मी त्यांना सांगितलं, साहेब, माणूस खोटं बोलेल, पण हे यंत्र रेणूला उडवतं, तो किती वेळात पोहोचला ते मोजतं, आणि जड असेल तो उशिरा पोहोचतो. यात खोटं बोलायला जागाच नाही. ते म्हणाले, ‘बरं बरं, तुम्ही रागावू नका.’ मला ‘रागावू नका’ असं म्हटलं की माझं काय होतं ते तुझ्या नवऱ्याला विचार. मी ओळखीची पेप्टाइडं काढून यंत्राची परीक्षा घेतली. सगळी जिथल्या तिथे. मग तुझे उरलेले मणी फ्रीजमधून काढले. बाटलीवर तारीख नव्हती, त्याबद्दल आपण नंतर बोलू. डोळे मिटून त्यातले थोडेसे उचलले आणि एकेकाचं वजन करत सुटले. चमकणारे नव्हेत, कुठलेही.

बहुतेक मणी सुरळीत वाचता आले, पण काही अडून बसले. असे अडणारे पूर्वीही भेटले होते, आणि आपण दोघींनी ते ‘घाण’ म्हणून सोडून दिले होते. या वेळी मला घाई नव्हती आणि राग होता, आणि हे दोन्ही एकत्र असले की माझं काम फार चांगलं होतं. दर अडलेल्या मण्यात खोडी एकाच जागी होती. दुसरी पायरी, म्हणजे दुसरा दुवा, ठीक, पुढे एकदम एक लांब ढांग, आणि त्या ढांगेइतक्या वजनाचं अमिनो आम्ल जगात नाही. मी त्या ढांगेतून सगळ्यांत हलक्या अमिनो आम्लाचे, ग्लायसिनचे, सत्तावन्न वजा केले. उरलं ते सेरीन. पुढच्या मण्यात सत्तावन्न वजा केले, उरलं प्रोलाइन. त्याच्या पुढच्यात ल्युसिन. तिथे मी चष्मा काढून ठेवला, खिडकी उघडली आणि उभी राहिले. मग तुझ्या चमकणाऱ्या मण्याचा मधला दुवा आठवला. अ‍ॅस्परॅजिन, एकशे चौदा. सत्तावन्न वजा केले तर उरतात सत्तावन्न.

धांदल, ते अ‍ॅस्परॅजिन नव्हतंच. ते पाठोपाठ दोन ग्लायसिन होते. वजन तंतोतंत तेवढंच, अणूला अणू, अगदी महागातल्या महाग यंत्रालाही नुसत्या वजनावरून ओळखता येणार नाही. तुझ्या साखळीत पाच नाही, सहा दुवे आहेत. यंत्राने खरं तेच सांगितलं होतं आणि आपण दोन पायऱ्यांना एक समजून ती साखळी बनवली. तू तीनदा जीव तोडून केलंस ते दुसरंच पेप्टाइड होतं. ते चिकटलं नाही यात तुझ्या हाताचा काय दोष?

जेवताना हे सांगायला लागले तर तुझ्या सासऱ्यांनी हात वर केले. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, पेन्सिल हातात दिल्याशिवाय त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून मी त्यांना जिना काढायला सांगितला. म्हटलं, साखळी म्हणजे जिना चढणाऱ्या मांजरी समजा. प्रत्येक पायरीवर आपण मुद्दाम थोड्या मांजरींना थकवून खाली बसवतो, बाकीच्या पुढे जातात. शेवटी मी वजन करते ते बसलेल्या मांजरींचं, आणि दोन शेजारच्या मांजरींमधल्या फरकावरून ती पायरी किती उंच ते कळतं. त्यांनी खरोखर मांजरी काढल्या, एकीच्या गळ्यात घंटासुद्धा. मग म्हणाले, ‘अगं, पण एखाद्या पायरीवर मांजर बसलीच नाही तर?’ मी म्हटलं, तेच तर झालंय. प्रत्येक भांड्यात दोन बाटल्या ओतायच्या असतात, एक साखळी वाढवणारी आणि एक छोटी, थोड्यांना थांबवणारी. तिसऱ्या फेरीत ग्लायसिनच्या भांड्यात आपल्या सुनेने छोटी बाटली ओतलीच नाही. साखळी नीट वाढली, पण तिथली पायरी दाखवायला मांजर उरली नाही. आणि मला एक कळत नाही, मी म्हटलं. ही मुलगी कितीही धांदरट असली तरी कामात बाटली विसरणारी नाही. त्या वेळी ती करत काय होती?

तुझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटं सापडलं की व्हायचे तसेच. म्हणाला, ‘आई, तिसरी फेरी म्हणजे... तू चष्मा घरी विसरली होतीस आणि मी तो द्यायला आलो होतो, ती दुपार का?’ मी म्हटलं, मला काय माहीत, तू सांग. मग सगळं बाहेर पडलं. माझा चष्मा त्याच्या खिशातच राहिला होता आणि हा आधी तिसऱ्या मजल्यावर गेला होता. दारातूनच तुला विचारलं म्हणे, लग्न करशील का. ना फूल, ना काही, पायात ओले बूट. ‘तिच्या हातात एक बाटली होती, छोटी,’ तो म्हणाला, ‘ती म्हणाली, थांब, तिसरी फेरी चालू आहे. मग हो म्हणाली, आणि बाटली परत जागेवर ठेवली. मला वाटलं, काम झालं असेल.’ तुझ्या सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, ‘म्हणजे आपल्या सुनेची मांजर आपल्याच चिरंजीवांनी पळवली.’ आणि मग जे हसू फुटलं त्यांना, ते थांबेचना, ठसका लागला, पाठीत बुक्क्या माराव्या लागल्या. काम चालू असताना बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही हा नियम मी त्या मजल्यावर किती वेळा सांगितला आहे! तो मी त्या क्षणीही सांगितला. पण मीही हसले. माझ्यावर विश्वास बसणार नाही म्हणून सांगते, साक्षीदार दोन आहेत.

तुझ्या नवऱ्याला मी ताकीद दिली की यातलं अवाक्षरही तुला सांगायचं नाही. अजून पक्कं काही झालं नव्हतं, आणि अर्धवट आनंद देणं मला पटत नाही. गेल्या शनिवारी तो तुझ्याकडे गप्प गप्प होता आणि तू त्याला ‘तब्येत बरी नाही का’ विचारलंस असं कळलं. तब्येतीला काही झालेलं नव्हतं. पोटात गोष्ट मावत नव्हती. घरी येऊन त्याने त्याच भरात अंडी उकडायला ठेवली आणि पातेलं कोरडं पडेपर्यंत विसरला. तुमची जोडी फार विचार करून जुळलेली आहे.

साहेबांना मी त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाठलं. हातात काही नव्हतं, फक्त फळ्यावर सत्तावन्न अधिक सत्तावन्न लिहिलं. ते फळ्याकडे बघत खुर्चीतून उठले ते पुन्हा बसायचंच विसरले. ‘यंत्राबद्दल बोललो ते मागे घेतो,’ म्हणाले. मी म्हटलं, आधी ते पेप्टाइड करा, मग घ्या मागे. तर त्यांनी स्वतः कोट चढवला. कित्येक वर्षांनी त्यांनी भांड्याला हात लावला असेल. बुटावर द्रावण सांडलं, हातमोजे उलटे घातले, पण साखळी नीट बनवली. सहा दुवे, मध्ये दोन ग्लायसिन. मग तुझी जुनी पाच दुव्यांची साखळी आणि ही नवी, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून रंगीत विष घातलं आणि धुतलं. जुनी काळीठिक्कर. आणि नवी, बाई गं, नवी दिव्यासारखी. साहेब म्हणाले, पुन्हा धुवा. पुन्हा धुतलं. आणखी धुतलं. हलायला तयार नाही. माझ्या यंत्रावर त्या दोन्ही साखळ्या एकाच जागी उभ्या राहतात, केसाचाही फरक नाही, आणि एक परकी, तर दुसरी विषाचा हातच सोडत नाही. साहेबांचं म्हणणं, मध्ये ग्लायसिनचे दोन मोकळे दुवे असल्यामुळे साखळीला तिथे वाकता येतं आणि ती विषाभोवती वळसा घालते. असेल. ते तू आलीस, किंवा नाही आलीस, तरी शोधत बसतील. आम्ही विषाची नवीन बाटली उघडून तीनदा खात्री केली. काल शेवटची झाली, आणि आज मी लिहायला बसले.

आता माझं मत ऐक. छोटी बाटली ओतायची राहिली ही चूकच आहे. त्या दुपारी काय घडलं ते मला आवडलं म्हणून ती चूक बरोबर ठरत नाही. पण मणी तुझा, साखळी तुझी, आणि विषाने लाखोंतून निवडली ती तुझ्या हातची. ज्या हाताला काम येत नाही असं तू म्हणालीस, त्या हाताने गोदामातल्या कुणालाही वापरता येईल अशा पट्टीची पहिली वस्तू बनवली आहे. त्याबद्दल रडायचं असेल तर रड, पण पत्रावर नको, शाई ओली होते.

हे सगळं फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. साहेब तर फोन उचलून उभेच होते, मीच थांबवलं. कारण मला तुझ्याकडे काही मागायचं आहे आणि ते तोंडाने मागायचं मला जमणार नाही. मी कॉलेजातून बाहेर पडले ती थेट त्या यंत्राच्या खोलीत गेले. तेव्हापासून दुसऱ्यांनी बनवलेलं मोजत आले, चांगलं मोजलं, पण स्वतः एक मणीही कधी बनवला नाही. तू तिसऱ्या मजल्यावर ती भांडी ढवळायचीस तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून वर यायचे आणि कडेला उभी राहून तुला ओरडून परत जायचे. ओरडायचं काहीच नसायचं, मला बघायचं असायचं. महिनाअखेर माझी खोली दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि मी मोकळी होते. तर हे पत्र म्हणजे अर्ज समज. तुझ्या पुढच्या मण्यांच्या वेळी मला तुझ्या हाताखाली घे. पगार नको, दुपारपर्यंत येईन, सांगशील ते ढवळीन, आणि हो, मला ओरडायची तुला पूर्ण मुभा राहील. साहेबांना विचारलं नाही, कारण हाताखाली कुणाला घ्यायचं ते टेबल ज्याचं असेल त्याने ठरवायचं. सोमवारी तू शाळा निवडलीस तरी मी अर्ज मागे घेत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतही परीक्षानळ्या धुवायला माणूस लागतंच, आणि तुझ्या वर्गात तर जास्तच लागेल. उत्तर लवकर पाठव. वाट बघायची मला सवय नाही, ती आता करून घेते आहे.

तुझीच,
सासू
(अनुभव शून्य, शिकण्याची तयारी आहे)